व्हिव्हिपरस : मोरीच्या पोटातली पिल्लं, कांदळाच्या शेंगा आणि एक शब्द

खाजनकाठ
गेल्या रविवारी आंबट-तीक करायचं म्हणून बाजारातून मोरी, म्हणजे छोटा शार्क मासा, आणली. आमच्या घरी मासे साफ करायचं काम माझ्याकडे. पोटाला सुरी लावली तर आत आणखी मोऱ्या. मोजल्या तर सात निघाल्या. बोटापेक्षा थोड्या लांब, राखाडीवर गुलाबी झाक, डोळे पूर्ण तयार, कल्ल्यांच्या फटीसुद्धा दिसत होत्या. आणि प्रत्येकीच्या छातीखालून, दोन परांच्या मधून, एक ओलसर दोरी निघून आईच्या आत गेलेली. नाळच ती. मी सुरी खाली ठेवली. आई मागून म्हणाली, "मोरी जिवीं पिलां घालता, तुका खबर ना?" तिला साठ वर्षांपासून ठाऊक असलेली गोष्ट मला पन्नाशीला कळत होती.

मुलगी बारावीला आहे, विज्ञान शाखा. ती येऊन बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, ह्यालाच व्हिव्हिपरस म्हणतात." मग तिनेच सांगितलं की तिच्या पुस्तकात हाच शब्द कांदळासाठी, खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या झाडासाठीही आहे. आमचं घर गोव्यातल्या चोडण बेटावर, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनीच्या, बांधाला लागून. कांदळाच्या त्या लांब हिरव्या शेंगा लहानपणी तलवारी म्हणून खेळलोय. मोरीला आणि कांदळाला एकच शब्द, हे मनातून जाईना.

रात्री तिची मराठी मार्गदर्शिका उघडली. तिथे अर्थ दिलाय ‘जरायुज’. जरायु म्हणजे गर्भाभोवतीचं वेष्टन, वार. मोरीपुरतं ठीक. पण झाडाला कसली वार?

तर दोन प्रश्न आहेत. हा इंग्रजी शब्द आला कुठून आणि त्याचे नेमके अर्थ किती? आणि दुसरा, जो मला जास्त टोचतोय : मराठीत कांदळासाठी काय म्हणावं?

जुनी पाटी
खाजनकाठ, फार छान विषय काढलात. माझं शिक्षण पणजीच्या लिसेवमध्ये पोर्तुगीजमधून झालं, लॅटिनही थोडं घोकलं होतं, म्हणून पहिल्या प्रश्नाला हात घालतो.

दोन तुकडे आहेत. ‘व्हीव्हुस’ म्हणजे जिवंत आणि ‘पारेरे’ म्हणजे प्रसवणे. जिवंत प्रसवणारा तो व्हिव्हिपरस. अंडं म्हणजे ‘ओव्हुम’, म्हणून अंडी घालणारा तो ओव्हिपरस. आमच्या पोर्तुगीज पुस्तकात ‘व्हिव्हीपारु’ आणि ‘ओव्हीपारु’ असे जोडीने यायचे. आम्हां मुलांना ते पाठ करावे लागत नसत, कारण ‘व्हिवु’ म्हणजे जिवंत हे पोर्तुगीजमध्ये रोजचंच, आणि ‘पारिर’ म्हणजे विणे, ‘पार्तु’ म्हणजे बाळंतपण, ‘पार्तैरा’ म्हणजे सुईण. आपली वायजीण. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला जो शब्द डोंगराएवढा वाटतो तो आम्हांला घरातल्या भांड्यांसारखा होता. याचं श्रेय आमच्या हुशारीला मुळीच नाही. शब्दाचे तुकडे ओळखीचे असले की शब्द आपोआप उघडतो, एवढंच.

एक गंमत पाहा. पोर्तुगीज माणूस बाईविषयी बोलताना ‘पारिर’ सहसा वापरत नाही. ते जनावराकडे झुकतं. बाईसाठी म्हणतात ‘दार आ लूझ’, म्हणजे उजेडाला देणे. आपल्याकडेही गाय व्याली, शेळी व्याली, पण सून बाळंत झाली.

दोनापावला
सर, मग इंग्रजीतला पेरंट त्यातलाच का? आणि अपॅरंटपण?

जुनी पाटी
पेरंट त्यातलाच. ‘पारेरे’पासूनच झालेला शब्द ‘पारेन्स’, म्हणजे प्रसवणारा किंवा प्रसवणारी. अपॅरंट मात्र नाही. लॅटिनमध्ये दोन क्रियापदं आहेत, लिहायला सारखी पण उच्चारात वेगळी. एकात मधला एकार ऱ्हस्व, त्याचा अर्थ प्रसवणे. दुसऱ्यात दीर्घ, त्याचा अर्थ दिसणे, हजर असणे. अपॅरंट त्या दुसऱ्यातून आला. आम्हांला यावरून पट्टी खावी लागली आहे.

रात्रपाळी
मी प्रसूती विभागात नर्स आहे. ‘पारेरे’ आमच्याकडे रोज चोवीस तास ड्यूटीवर असतं हे आज कळलं!

केस पेपरवर पहिल्या ओळीत लिहितो : जी टू, पी वन. जी म्हणजे ग्रॅव्हिडा, किती वेळा दिवस राहिले. पी म्हणजे पॅरा, किती बाळंतपणं झाली. हा पॅरा तुमच्या व्हिव्हिपरसमधलाच ना सर? पहिलटकरणीला आम्ही ‘प्रायमी’ म्हणतो, तो प्रायमिग्रॅव्हिडाचा तुकडा. नवीन मुली एक चूक हमखास करतात. जुळी झाली की पी टू लिहितात. पी म्हणजे मुलांची संख्या नव्हे. जुळी असोत की तिळी, बाळंतपण एकच, म्हणून पी वनच.

पंधरा वर्षं लिहितेय, पण ह्या अक्षरांच्या मागे काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं.

जुनी पाटी
रात्रपाळी ताई, होय, तोच पॅरा. आणि ग्रॅव्हिडा तर त्याहून जवळचा. पोर्तुगीजमध्ये गरोदर बाई म्हणजे ‘ग्राव्हिदा’च. त्यात ‘ग्राविस’ आहे, जड. आणि लॅटिन ‘ग्राविस’ व संस्कृत ‘गुरु’ हे एकाच मूळ धातूचे. संस्कृतात गर्भिणीला ‘गुर्विणी’ म्हणतात. जड झालेली. लॅटिन आणि संस्कृत दोघांनीही तिच्याकडे पाहून एकच गोष्ट टिपली.

वारुळ
पेडणे भागात साप पकडून रानात सोडतो. या शब्दाशी आमचा रोजचा संबंध येतो, म्हणून लिहितोय.

घोणस व्हिव्हिपरस आहे. नाग, धामण अंडी घालतात. घोणस, चापडा, मांडूळ आणि समुद्रसाप पिल्लं घालतात. लोक मला फोन करून सांगतात, "अंडी कुठे दिसत नाहीत, मग पिल्लं आली कुठून?" घोणशीची एका वेळी २०-३० पिल्लंसुद्धा होतात आणि जन्मल्या क्षणापासून ती चावू शकतात, विषासकट. म्हणून पावसाच्या तोंडाला घराजवळ एक छोटी घोणस दिसली की मी म्हणतो, आणखी शोधा, लाकडांचा ढीग हलवताना हातात काठी ठेवा.

आता शब्दाविषयी. इंग्रजीतला ‘व्हायपर’ लॅटिन ‘व्हीपेरा’वरून आलाय आणि त्याची नेहमी दिली जाणारी व्युत्पत्ती म्हणजे व्हीव्हुस अधिक पारेरेच, मधला भाग गिळलेला. म्हणजे ज्या सापाला पिल्लं घालताना लोकांनी पाहिलं त्याचं नावच ‘जिवंत प्रसवणारी’ पडलं. हे मला वाचल्यावर अंगावर काटा आला, कारण आमच्या गावातला म्हाताराही घोणशीला ओळखताना हेच सांगतो : पिलां घालपी.

पदच्छेद
वारुळ, त्यात थोडी भर. मध्ययुगात सेव्हिलचा बिशप इसिदोर याने याच शब्दाची दुसरी फोड केली होती. ‘व्ही’ म्हणजे बळाने आणि ‘पारेरे’. बळाने प्रसवणारी. कारण तेव्हा समज असा होता की पिल्लं आईचं पोट कुरतडून बाहेर पडतात आणि ती मरते. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराच्या काळापासून ही कथा चालत आलेली. आपल्याकडे हीच गोष्ट विंचवीबद्दल सांगतात, पिल्लं आईला खातात म्हणून. विंचवीण खरोखर पिल्लंच घालते, अंडी नाही, आणि ती पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत तिच्या पाठीवर बसतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण ज्याने केली त्याने नीट पाहिलेलं होतं. पाठीवरची पिल्लं आणि कधीतरी मेलेली आई एकत्र दिसली असेल, आणि गोष्ट तयार झाली.

इंग्रजीत व्हिव्हिपरस हा शब्द पहिल्यांदा दिसतो १६४६ मध्ये, थॉमस ब्राउन या इंग्रज डॉक्टराच्या लिखाणात. लोकांचे खोटे समज तपासून मोडून काढणं हाच त्या लिखाणाचा उद्देश होता, आणि सापिणीचं पोट फोडणाऱ्या पिल्लांची कथा त्याने तिथे खोडली आहे.

खाजनकाठ
म्हणजे शब्द १६४६ चा? त्याआधी लॅटिनमध्ये होता का?

पदच्छेद
होता, आणि तो कसा झाला हे सांगायलाच हवं, कारण तुमच्या मोरीशी त्याचा थेट संबंध आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आपुलेइउस नावाचा लेखक होऊन गेला. जन्म आजच्या अल्जीरियातल्या मादौरोस गावचा. त्याने पुदेन्तिल्ला नावाच्या श्रीमंत विधवेशी लग्न केलं, तेव्हा तिच्या सासरच्या लोकांनी त्याच्यावर खटला भरला की याने जादूटोणा करून तिला वश केलं. खटला चालला साब्राथाला, आजच्या लिबियात, साधारण १५८-१५९ साली. पुराव्यातला एक आरोप असा, की हा माणूस कोळ्यांकडून विशिष्ट मासे विकत घेतो. मासे कशाला लागतात? जादूला!

आपुलेइउसने आपल्या बचावाच्या भाषणात सांगितलं की मी मासे चिरून बघतो, अभ्यास करतो, त्यावर लिहितो. कुठले मासे पिल्लं घालतात, कुठले अंडी, हे मी लिहिलं आहे आणि त्यासाठी लॅटिनमध्ये शब्द नव्हते म्हणून मी तयार केले : जे ग्रीक लोक ‘झोओतोका’ आणि ‘ओओतोका’ म्हणतात त्याला मी लॅटिनमध्ये ‘व्हिव्हिपारुस’ आणि ‘ओव्हिपारुस’ म्हणतो.

म्हणजे एका माणसाने मासा चिरला, आत पाहिलं, आपल्या भाषेत शब्द नाही हे त्याला बोचलं, आणि त्याने तो घडवला. न्यायालयात उभं राहून, जिवावरचा आरोप अंगावर असताना, त्याने हे सांगितलं. खाजनकाठ, तुम्ही रविवारी सुरी खाली ठेवलीत आणि आता इथे विचारताय मराठीत काय म्हणावं. हे तेच आहे.

खाजनकाठ
हे वाचून मुलीला हाक मारून दाखवलं. दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

प्रयोगवही
उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवते. मोरीबद्दल थोडं.

आपल्या बाजारात जी छोटी, चपट्या नाकाची मोरी येते तिचं अंडं मोहरीच्या दाण्याएवढं, सुमारे १ मिलिमीटर. त्यात बलक जवळजवळ नसतोच. म्हणजे पिल्लाला शिदोरी बांधून दिलेली नाही. सगळं पोषण आईकडून, नाळेतून, अपरेतून म्हणजे वारेतून. आपल्यासारखंच. माशामध्ये अपरा असते हे विद्यार्थ्यांना सांगितलं की ते विश्वास ठेवत नाहीत. अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात एका गुळगुळीत कातडीच्या मोरीबद्दल हेच लिहून ठेवलं होतं : पिल्लू नाळेने गर्भाशयाला जोडलेलं असतं. पुढच्या लोकांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १८४२ मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने मोरी चिरून पडताळून पाहिलं आणि अ‍ॅरिस्टॉटल बरोबर होता असं सिद्ध केलं. त्याच वर्षी इकडे पणजीत मेडिकल स्कूल सुरू झालं होतं.

सगळ्या मोऱ्या मात्र अशा नसतात. काही अंडी घालतात. काहींमध्ये अंडं पोटातच फुटतं आणि पिल्लू बलकावर वाढून बाहेर येतं, त्यासाठी पूर्वी ‘ओव्होव्हिव्हिपरस’ असा लांबलचक शब्द शिकवत. घोणशीलाही पूर्वी त्याच खणात टाकायचे. हल्ली जीवशास्त्रज्ञ तो शब्द टाळतात, कारण पोषण किती आईचं आणि किती बलकाचं याची सरळ रेष काढता येत नाही.

आणि ‘जरायुज’बद्दल सांगते. तो शब्द पाठ्यपुस्तकांत रुळलेला आहे. परीक्षेत तोच लिहावा लागतो. प्रत्येकाने आपापला शब्द काढला तर मुलांची फरफट होते. माझा विरोध नोंदवते.

चिखलवाट
कांदळाची रोपं तयार करायच्या कामावर दहा वर्षं आहे. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून शेंगा गोळा करतो. म्हणून कांदळापुरतं सांगतो.

त्या शेंगा नाहीतच मुळी. शेंगेत बी असतं. ही जी लांब हिरवी काठी लोंबते ती रोपाचं खोड आहे, पानांच्या खालचा भाग. वर जे तपकिरी, पेरूच्या छोट्या फळासारखं टोपण दिसतं ते खरं फळ. बी त्या फळात असतानाच रुजतं, फळ फोडून खाली उतरतं आणि झाडाला लोंबकळत महिनोन्महिने वाढतं. हातभर होतं. खालचं टोक टोकदार, तिथून मुळं येणार. वरचं टोक अजून टोपणात, तिथे कोंब मिटलेला.

तयार कधी झालं ते कसं ओळखायचं? टोपण आणि काठी यांच्यामध्ये पिवळट गळपट्टा दिसायला लागतो. तो दिसला की हात लावायचा. हलकं फिरवलं की काठी टोपणातून सुळकन निघते. गळपट्टा नसताना ओढली तर वरचा कोंब तुटतो, ते रोप मेलं. नवीन पोरांना आम्ही पहिले चार दिवस फक्त गळपट्टा बघायला लावतो.

पाण्यात पडली तर ती आडवी तरंगत जाते, मग हळूहळू उभी होते आणि चिखल लागला की मूळ धरते. ओहोटीला पडली तर सरळ चिखलात रुतते. बी असतं तर भरतीने नेलं असतं, खाऱ्या चिखलात कुजलं असतं. रुजायची सगळ्यात नाजूक वेळ ती आईच्या अंगावर काढते. आईने मुळांशी मीठ अडवलेलं असतं, त्यामुळे पोरालाही खाऱ्याची झळ कमी लागते.

तिवराचं थोडं निराळं. त्याचं बी फळात रुजतं पण साल फोडून बाहेर येत नाही. खाली पडल्यावर साल गळते आणि आत दोन जाड पानं घडी घालून बसलेली असतात. आणि चिपीचं फळ फुटलं की आत नुसतं बारीक बी, त्यात यातलं काही नाही. एकाच खाडीत, एकाच चिखलात, तीन तऱ्हा.

वायंगण
आमचं थोडं खाजन शेत आहे, कोरगूट हे खाऱ्या जमिनीत येणारं भात करतो. चिखलवाट यांचं वाचून एक आठवलं. कापणीला आलेल्या भातावर पाऊस बसला आणि लोंब्या आडव्या झाल्या की दाण्याला कणसावरच मोड येतात. दोन वर्षांपूर्वी आमचं अर्धं शेत तसं गेलं. सकाळी बांधावर गेले तर लांबून हिरवं दिसत होतं, वाटलं गवत वाढलंय. जवळ गेले तर प्रत्येक लोंबीवर पांढरी मुळं आणि हिरवे कोंब. तांदूळ करायला गेलं तर पीठ होतं, बियाणं म्हणूनही राहत नाही. मी बांधावरच बसले.

शेती कॉलेजमध्ये शिकणारा भाचा म्हणाला, यालाही व्हिव्हिपरी म्हणतात. खरं का? कांदळाला जे वरदान ते आमच्या भाताला नुकसान?

प्रयोगवही
वायंगण ताई, खरं आहे. तोच शब्द. दाण्यात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक असतं, ते बीजाला झोपवून ठेवतं. ते कमी पडलं, किंवा दाणा त्याला दाद देईनासा झाला, की ओल मिळताच बी झाडावरच रुजतं. मक्यातले असे दोषी वाण ज्या जनुकांमुळे होतात त्यांना शास्त्रज्ञांनी नावच ‘व्हिव्हिपरस’ दिलंय. जास्त पिकलेल्या फणसात आठळ्यांना मोड आलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत, तेही हेच.

म्हणजे शब्दाचे अर्थ आता असे झाले. प्राण्यात : अंडं न घालता पिल्लू देणे. झाडात : बी झाडावरच रुजणे, कधी नेहमीचं म्हणून, कधी बिघाड म्हणून.

आणि एक कबूल करते. भातावरच्या मोडाला जरायुज म्हणताना माझीही जीभ अडखळेल.

वायंगण
आणि जरायु म्हणजे काय ते आम्हांला कोशातून बघावं लागत नाही. गाय व्याली की आधी बघतो जार पडली का. जार अडकली तर गाय हातची जाते. तो ‘जार’ शब्द जरायुचाच ना? मग कांदळाला जरायुज म्हणणं म्हणजे ज्याला जार नाही त्याला जारेचं नाव देणं.

पदच्छेद
वायंगण, अगदी बरोबर, जार हा जरायुचाच झिजलेला शब्द.

आता मी जे सांगणार आहे ते मला गेले दोन दिवस झोपू देत नाहीये. आपल्याकडे सजीवांची जन्मावरून विभागणी जुनी आहे. ऐतरेय उपनिषदात चार प्रकार येतात : अंडातून, जरायूतून, स्वेदातून म्हणजे घामातून, आणि उद्भिज्ज, म्हणजे वर फुटून येणारे. पाठ्यपुस्तकातला जरायुज त्याच परंपरेतला. पण छांदोग्य उपनिषदात तीनच आहेत : आण्डज, जीवज, उद्भिज्ज.

जीवज! जिवंतातून जन्मलेला. व्हिव्हिपरसचा शब्दशः अर्थ. आणि हा नुसता अर्थाचा मेळ नाही. लॅटिन ‘व्हीव्हुस’ आणि संस्कृत ‘जीव’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत. ग्रीक ‘झोओतोका’मधला ‘झोओ’ही त्याच घराण्याचा. म्हणजे ग्रीकांनी, रोमनांनी आणि छांदोग्य रचणाऱ्यांनी हे नाव ठेवताना पहिला तुकडा एकच उचलला. आपुलेइउसला आपल्या भाषेत शब्द नाही म्हणून घडवावा लागला. आपल्याकडे तो होता आणि आपण तो बाजूला ठेवून दिला.

प्रयोगवही
पण पदच्छेद, शंकराचार्यांनी छांदोग्यावरच्या भाष्यात जीवजचा अर्थ जरायुज असाच दिला आहे, माणूस, पशू वगैरे. मग फरक काय राहिला? आणि झाड तर त्या विभागणीत उद्भिज्ज. त्याला जीवज म्हणणं परंपरेलाही धरून नाही.

पदच्छेद
आचार्यांनी तसं म्हटलंय हे खरं, आणि हे तुम्ही काढलंत याचा मला आनंद झाला. पण त्यांच्यासमोर गाय आणि माणूस होते. त्या प्राण्यांपुरते दोन्ही शब्द एकाच गोष्टीवर बोट ठेवतात, म्हणून अर्थ एक दिला. शब्दांची घडण मात्र वेगळी आहे. जरायुज सांगतो कशातून बाहेर आला : वेष्टनातून. जीवज सांगतो कुणापासून आला : जिवंतापासून. घोणशीला, विंचवीला, कांदळाला दुसरा लागू पडतो, पहिला ओढूनताणून.

उद्भिज्जचं म्हणाल तर ‘उद्’ आणि ‘भिद्’, फोडून वर येणे. बाकीची झाडं जमीन फोडून वर येतात. कांदळ आईचं फळ फोडून खाली येतो. चिखलवाट यांनी सांगितलं त्यावरून तर मला वाटतं तो उद्भिज्जही आहे आणि जीवजही.

चिखलवाट
हे मला पटलं. फोडतो तो फळच. बोट लावून बघितलंय.

दोनापावला
पण सामान्य माणसाला जीवज म्हटलं तर जीवजंतू वाटेल. साधं ‘झाडावर रुजणारा’ का नको? आई म्हणते, कांदळ झाडारूच किल्लता. किल्लणे, अंकुरणे. अजून काय हवं?

जुनी पाटी
दोनापावला, बोलताना तेच हवं. तुमच्या आईंचा शब्द सोन्यासारखा आहे, तो लिहून ठेवा. पण जो शब्द मोरीला, घोणशीला आणि कांदळाला एका ओळीत बसवतो तोही लागतो. खाजनकाठांच्या मुलीला जे दिसलं, की पाटावरची मोरी आणि बांधावरचं झाड एकच काम करतात, ते एका शब्दामुळेच दिसलं ना? ‘पिलां घालता’ आणि ‘किल्लता’ हे दोन शब्द शेजारी ठेवून ते दिसलं नसतं.

रात्रपाळी
एक विचारू? बाळाची पहिली हालचाल आईला जाणवते, साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात, त्याला आमच्याकडे ‘क्विकनिंग’ म्हणतात. क्विक म्हणजे लवकर. पण लवकर काय? कधी कळलं नाही.

जुनी पाटी
ताई, क्विकचा जुना अर्थ जिवंत. लवकर हा नंतरचा. आणि तो क्विकही जीव आणि व्हीव्हुस यांचा सख्खा भाऊ, मूळ एकच. तुमची मुलं तोंडी परीक्षेला ‘व्हायवा’ म्हणतात ना, तोही त्यातलाच, जिवंत आवाजाची परीक्षा. क्विकनिंग म्हणजे पोटातल्याने जीव धरला असं आईला कळणं.

रात्रपाळी
आज रात्री एक प्रायमी आहे वॉर्डात, पाचवा महिना, दुसऱ्याच कारणाने दाखल आहे. काल मला म्हणाली, सिस्टर, आत मासोळी फिरल्यासारखं झालं. मी पेपरवर क्विकनिंग लिहिलं आणि पुढे गेले. आज तिच्याजवळ थोडी बसेन.

प्रयोगवही
माझा विरोध पूर्ण मागे घेत नाही. प्राण्यांसाठी परीक्षेत जरायुजच लिहायला सांगणार, गुण त्यालाच आहेत. पण वनस्पतींचा धडा शिकवताना फळ्यावर जीवज लिहीन आणि का लिहिलं ते सांगेन. शक्य झालं तर वर्गात एक कांदळ आणते. गळपट्टा आलेला.

चिखलवाट
मॅडम, झाडावरून काढू नका, आणि अभयारण्याच्या हद्दीत तर नाहीच. चोडणचं ते पक्षी अभयारण्य १९८८ पासून आहे, तिथलं पानही उचलायचं नाही. बाहेरच्या बांधांवर भरतीनंतर आपोआप पडलेल्या मिळतात. ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या, मुळाचं टोक खाली. वर्ग झाला की परत चिखलात लावा, जगते.

खाजनकाठ
मॅडम, आमच्या बांधाला येऊन न्या. रायबंदरहून फेरी घ्या, पलीकडे मी न्यायला येतो. मुलीने काल तीन वेचून बादलीत ठेवल्यात, एकीला खालून पांढरे ठिपके दिसायला लागलेत. शनिवारी दुपारी ओहोटी आहे. आईला तुम्ही सगळे येणार म्हणून सांगितलंय. ती विचारतेय, मोरी चालेल का, यावेळी पोट बघून घेते म्हणाली.